यंत्राची वाणी आणि मनुष्याची साक्ष : एक ऐतिहासिक विवेचन

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर निशाण बांधतात, आणि एका तीरावरचे पांढुर्णेकर व दुसऱ्या तीरावरचे सावरगावकर परस्परांवर दगडांचा मारा करतात. हीच ती गोटमार. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. कित्येकांचे प्राणही गेले आहेत. ही प्रथा कशी पडली असे गावातल्या एखाद्या वृद्धास विचारावे, तर तो सांगेल की पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून आणली, आणि नदी ओलांडताना दोघे दगडांखाली सापडली, म्हणे. दुसरा सांगेल की येथे भोसल्यांच्या फौजेचा तळ होता व शिपाई दगडफेकीचा सराव करीत, म्हणे. दोन्ही सांगण्यांच्या शेवटी हा एक लहानसा शब्द येतो. बोलणारा त्यातून असे कळवितो की, हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले तुम्हांस देत आहे, कितपत खरे मानावे ते तुम्ही ठरवा. आपल्या भाषेने प्रामाणिकपणाची ही सोय फार जुन्या काळापासून करून ठेविली आहे.

अलीकडे जगभर ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला चालला आहे, तिच्याविषयी लोकांच्या मनात जी शंका आहे ती बहुतांशी ह्या एका शब्दापाशी येऊन थांबते. यंत्राजवळ जे काही आहे ते सर्व ऐकीव आहे. परंतु त्याच्या बोलण्यात ‘म्हणे’ क्वचितच येते. प्रस्तुत लेखात ह्या शंकेचा इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे, आणि पाळक व शास्त्रशिक्षक ह्यांच्या कामाशी तिचा संबंध काय, ह्याचाही विचार करावयाचा आहे.

१. एका वर्षातील दोन घटना

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव फार जुने नाही. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात १९५६ च्या उन्हाळ्यात काही गणितज्ञ व अभियंते एकत्र जमले. ह्या बैठकीचा प्रस्ताव जॉन मॅकार्थी व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी आदल्या वर्षी लिहिला होता, आणि त्यातच हे नाव प्रथम आले. शिकण्याची व बुद्धीची प्रत्येक क्रिया इतक्या नेमकेपणाने मांडता येईल की यंत्राकडून तिचे अनुकरण करविता यावे, असे त्यांचे गृहीतक होते. दहा विद्वान एक उन्हाळा एकत्र बसले तर ह्या कामात लक्षणीय प्रगती होईल, अशीही त्यांस आशा वाटत होती.

त्याच १९५६ सालच्या १ नोव्हेंबर रोजी आपल्या भागाचे भवितव्य बदलले. तोवर नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती व छिंदवाडा जिल्हा तिच्या छायेत होता. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा व सौसर हे मराठी बोलणारे तालुके मात्र नव्या मध्यप्रदेशातच राहिले. घरची, बाजाराची व शेताची भाषा मराठी, आणि कचेरीची हिंदी, अशी आपली स्थिती तेव्हापासून आहे. ह्या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु आज एका घटनेचे फळ दुसऱ्या घटनेच्या ठिकाणी येऊन पोहोचले आहे. सौसरच्या संत्र्यांच्या बागेतील तरुणाच्या मोबाइलवर ते यंत्र मराठीत बोलू लागले आहे. ते आपल्याविषयी काय बोलते व कशाच्या आधारे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे झाले आहे.

२. भरती आणि ओहोटी

यंत्राविषयीची आशा सत्तर वर्षांत अनेकदा चढली व उतरली. १९६६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेचे जोसेफ वायझेनबाउम ह्यांनी ‘एलायझा’ नावाची संगणक-आज्ञावली प्रसिद्ध केली. ती मानसोपचारकाचे सोंग घेत असे. म्हणजे टंकलिहून पाठविलेल्या वाक्यातलेच शब्द उलटवून ती पुढचा प्रश्न विचारी. ह्यापलीकडे तीत काही नव्हते. तरीही वायझेनबाउम ह्यांच्या कार्यालयातील सचिव बाई तिच्याशी बोलता बोलता त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगू लागल्या. बाईंनी ती आज्ञावली तयार होताना पाहिली होती, तरी बोलण्यात एकांत हवासा वाटला. वायझेनबाउम ह्यांस ह्या प्रसंगाचा धक्का बसला. ते लहानपणी नाझी जर्मनीतून आईवडिलांसह निसटून आलेले होते. १९७६ साली त्यांनी एक ग्रंथ लिहून सांगितले की, यंत्राला जी कामे करता येतील तीही सर्वच त्याच्याकडे सोपवावीत असे नाही. जिथे दुसऱ्या माणसाच्या दुःखाची जाण लागते, तिथे माणूसच हवा. एकांतात माणसाचे दुःख ऐकणे हे ज्यांचे रोजचे काम आहे, अशा आपल्या वाचकांस ह्याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

१९७३ साली ब्रिटनमध्ये गणितज्ञ सर जेम्स लाइटहिल ह्यांनी शासनास अहवाल दिला. ह्या क्षेत्रातील वचने व फलिते ह्यांत मोठे अंतर आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. परिणामी त्या देशातील बहुतेक संशोधनाचा निधी आटला. जपानने १९८२ साली ‘पाचव्या पिढीच्या’ संगणकाची मोठी योजना हाती घेतली. त्या दशकाच्या अखेरीस तोही उत्साह मावळला. अशा प्रत्येक ओहोटीत एकच गोष्ट दिसून आली. प्रयोगशाळेतील निवडक उदाहरणांवर यंत्र चालले, पण बाहेरच्या मोकळ्या जगात ते अडखळले.

सध्याची भरती ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सुरू झाली असे म्हणता येईल. त्या दिवशी ‘चॅट-जीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले, आणि अवघ्या दोन महिन्यांत त्याचे वापरकर्ते दहा कोटींवर गेल्याचा अंदाज वर्तविण्यात आला. भारत सरकारनेही मार्च २०२४ मध्ये ह्या क्षेत्रासाठी १०,३७२ कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. आशेबरोबर भीतीही वाढली. मार्च २०२३ मध्ये अनेक शास्त्रज्ञ व उद्योजकांनी अधिक शक्तिमान यंत्रांची घडण सहा महिने थांबवावी, असे जाहीर पत्र काढले. ह्या विद्येच्या पायाभूत संशोधकांपैकी एक असलेले जेफ्री हिंटन त्याच वर्षी मे महिन्यात गूगलमधून बाहेर पडले व धोक्याविषयी उघडपणे बोलू लागले. हे मोठे प्रश्न बाजूस ठेविले तरी सामान्य माणसाचा प्रश्न साधा आहे : हे जे सांगते ते खरे असते काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपीय प्रसारण संघ व बीबीसी ह्यांनी ह्या प्रश्नाचे एक उत्तर दिले. १८ देशांतील २२ प्रसारण संस्थांच्या पत्रकारांनी १४ भाषांत चालू घडामोडींविषयी यंत्रांस प्रश्न विचारले व तीन हजारांहून अधिक उत्तरे तपासली. त्यांपैकी ४५ टक्के उत्तरांत निदान एक गंभीर दोष होता. सुमारे ३१ टक्के उत्तरांत आधाराचा दोष होता. आधार दिलेला नव्हता, चुकीचा होता, किंवा दिशाभूल करणारा होता.

३. यंत्र बोलते ते कसे?

ह्याचे कारण यंत्राच्या घडणीत आहे. अब्जावधी पानांचा मजकूर त्याला पुरविलेला असतो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे त्यातून ते शिकते, आणि त्या हिशेबाने एकेक तुकडा पुढे ठेवीत वाक्य पुरे करते. वाक्य खरे आहे की नाही हे पाहणारा साक्षीदार मुळात त्याच्यापाशी नसतो. पुढे त्यास शोधाची जोड दिली म्हणजे चुका कमी होतात; परंतु नाहीशा होत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘चॅट-जीपीटी’ घडविणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनीच एक कारण पुढे मांडले. यंत्रांच्या ज्या परीक्षा घेतल्या जातात त्यांत ‘ठाऊक नाही’ ह्या उत्तरास काहीच गुण नसतात, आणि अंदाज ठोकून दिला तर गुण मिळण्याचा संभव असतो. म्हणून यंत्र अंदाज ठोकण्यास शिकते. शाळेतील परीक्षेत कोरी जागा सोडू नये, काहीतरी लिहून यावे, असे मुलांना सांगणाऱ्या आपणांस ही गोष्ट सहज समजण्याजोगी आहे.

आता आपल्या भागाचे उदाहरण घेऊ. पांढुर्णा व सौसर मिळून २०२३ च्या ऑक्टोबरात स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. परंतु त्यापूर्वी दीडशे वर्षांत ह्या गावांविषयी जे काही छापले गेले, त्यात त्यांचा जिल्हा छिंदवाडा असाच आहे. संख्येच्या बळावर चालणारे यंत्र जुन्याकडे झुकले तर नवल नाही. भाषेचेही तेच. जगाच्या छापील व विद्युत् मजकुरात मराठीचा वाटा फार थोडा. त्यातही जो आहे तो बहुतांशी पुण्या-मुंबईच्या वळणाचा. आपली बोली वऱ्हाडी-नागपुरीच्या जवळची, हिंदीशी मिसळलेली, शेजारी गोंडी ऐकत वाढलेली. ती कागदावर क्वचितच उतरली. जिथे लिखाण विरळ, तिथे यंत्राचा अंदाज अधिक आणि आधार कमी. मात्र त्याच्या बोलण्याची ऐट दोन्ही ठिकाणी सारखीच असते. लंडनविषयी ते ज्या स्वरात सांगते त्याच स्वरात सावरगावाविषयीही सांगते. ऐकणाऱ्याला हा भेद कळत नाही. लोकांची काळजी मुख्यतः ह्याच ठिकाणची आहे, आणि ती रास्त आहे.

४. न्यायासनापुढील साक्ष

खोट्या साक्षीचा प्रश्न सर्वांत आधी न्यायालयात उभा राहावा हे स्वाभाविकच होते. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोन वकिलांस व त्यांच्या पेढीस मिळून पाच हजार डॉलरांचा दंड केला. एका विमानप्रवाशाच्या दाव्यात त्यांनी जे पूर्वनिर्णय आधारास दिले, ते अस्तित्वातच नव्हते. ते यंत्राने रचले होते. विशेष हे की, ‘हे निर्णय खरे आहेत ना?’ असे वकिलाने यंत्रालाच विचारले होते, आणि यंत्राने होय म्हटले होते. ज्याच्या सांगण्याविषयी संशय, त्यालाच साक्षीदार केले, अशी ही गोष्ट झाली.

आपल्याकडेही हे घडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीवरील आयकर-आकारणीचा आदेश रद्द केला. अधिकाऱ्याने आदेशात आधारास घेतलेले न्यायनिर्णय शोधूनही सापडेनात. ह्या युगात यंत्रांनी दिलेल्या उत्तरांवर आंधळेपणाने विसंबू नये, ती वापरण्यापूर्वी पडताळून घ्यावीत, असे न्यायालयाने बजावले. येथे चूक वकिलाची नव्हती, तर अधिकारपदाच्या लेखणीची होती. म्हणून तिचे गांभीर्य अधिक.

परंतु एकाच बाजूचे सांगणे न्याय्य होणार नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली पोलिसांच्या साहाय्यासाठी नागपुरात ‘मार्व्हल’ नावाची संस्था स्थापिली. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर–जबलपूर महामार्गावर एका मालमोटारीच्या धडकेत दुचाकीवरील स्त्री मरण पावली. मदतीस कोणी थांबेना, तेव्हा तिच्या पतीने मृतदेह दुचाकीस बांधून नेला. तो हृदयद्रावक प्रसंग पुष्कळांनी चित्रफितीत पाहिला असेल. मोटारीवर लाल खुणा होत्या, एवढेच त्या पतीस आठवत होते. नाक्यांवरील कॅमेऱ्यांची चित्रे यंत्राकरवी चाळून पोलिसांनी थोड्याच दिवसांत ती मोटार शोधून काढली. हजारो चित्रे पाहण्यास माणसाला जो वेळ लागता तो वाचला.

ह्या दोन प्रसंगांतील फरक ध्यानात घ्यावा. मोटारीच्या तपासात आरंभी एका माणसाची प्रत्यक्ष आठवण होती आणि शेवटी खरीखुरी मोटार हाती लागली. यंत्र मधल्या वाटेवर होते. त्याचे सांगणे चूक ठरते तर ते तिथेच उघडे पडले असते. आयकराच्या आदेशात आरंभी कोणी पाहिलेले नव्हते व शेवटी कोणी उघडून बघितले नाही. दोहोंत यंत्र एकाच जातीचे नव्हते हे खरे. परंतु निवाडा झाला तो पडताळणीवर.

५. वेदीजवळ

ही भरती मंडळीच्या दारापर्यंतही आली आहे. जून २०२३ मध्ये जर्मनीतील फ्युर्थ येथील संत पौलाच्या लूथरन मंदिरात तीनशेहून अधिक लोकांनी बहुतांशी यंत्राने रचलेली उपासना ऐकली. प्रार्थना, उपदेश व आशीर्वचन पडद्यावरील आकृत्यांच्या मुखातून आले. काहींस कुतूहल वाटले, तर काहींस त्यात जीव नाही असे वाटले.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील एका कॅथलिक प्रकाशनसंस्थेने ‘फादर जस्टिन’ नावाचा यंत्रपुरोहित लोकांसमोर आणिला. प्रश्नांस श्रद्धेला धरून उत्तरे द्यावीत हा हेतू होता. पण तो स्वतःस खरोखरीचा दीक्षित पुरोहित म्हणू लागला, पापांगीकार ऐकू लागला, आणि संकटसमयी बाजारातील एका पेयाने बाप्तिस्मा दिला तर चालेल असेही त्याने सांगितले. काही दिवसांतच संस्थेने त्याचा पुरोहिताचा झगा उतरविला व त्यास साधा ‘जस्टिन’ केले. हसू येण्यासारखी ही गोष्ट आहे. परंतु पापांगीकार करणारा माणूस तेव्हा हसत नसतो, हेही विसरता कामा नये.

२८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने ह्या विषयावर एक विस्तृत निवेदन प्रसिद्ध केले. मनुष्याची बुद्धी देहाशी, संबंधांशी व सत्याच्या ओढीशी जोडलेली आहे; यंत्राची करणी तिच्या बरोबरीची मानू नये; आणि यंत्राच्या निर्णयाची जबाबदारी कोणा ना कोणा माणसावर राहिली पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन आहे. पंथभेद असूनही ह्या शेवटच्या मुद्द्यावर दुमत होण्याचे कारण दिसत नाही.

६. मराठी शास्त्रभाषांतराचा धडा

येथे कोणी म्हणेल की, चुका माणसांनीही केल्या आहेत. ते खरेच आहे, आणि आपल्या मंडळीच्या इतिहासातच त्याचे उत्तम उदाहरण आहे. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी व त्यांचे सहकारी ह्यांनी पंडितांच्या साहाय्याने सुमारे तीस वर्षांत चाळीसएक भाषांत शास्त्राचे कमीअधिक भाग छापले. त्या काळाच्या मानाने हा झपाटा थक्क करणारा होता. मराठीत मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली निघाले व नवा करार १८११ साली. मराठी मुलखापासून इतक्या दूर, इतक्या वेगाने झालेल्या त्या कामात दोष राहिले. मुंबईस १८१३ साली आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ती भाषा आपल्या भोवतालच्या लोकांस नीट उमजत नाही असे आढळले.

मग काय झाले? गॉर्डन हॉल प्रभृतींनी नव्याने भाषांतर आरंभिले. १८२६ साली त्यांचा नवा करार पूर्ण झाला. संपूर्ण मराठी पवित्र शास्त्र १८४७ साली निघाले. त्यानंतरही सुधारणा थांबल्या नाहीत. बाबा पदमनजींसारख्यांनी त्यांत आपली भाषा व परिश्रम घातले. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून एकटीने केलेले भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली बाहेर पडले. केरींची चूक केरींच्या नावावर होती. ती कोणाला दाखवावी हे ठाऊक होते. स्वतः केरीही आपल्या बंगाली भाषांतरावर मरेपर्यंत हात फिरवीत राहिले. एकदा केलेली दुरुस्ती पुढच्या छापील प्रतीत टिकत असे, आणि तिच्यावर पुढचा माणूस उभा राहत असे. यंत्राच्या चुकीस असा धनी सापडत नाही. आज त्याला दुरुस्त करावे, तर उद्या दुसऱ्याच्या हाती तीच चूक पुन्हा येते.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण स्टीफन हिस्लॉप ह्यांचे आहे. १८४५ साली नागपूर प्रांतात मिशनचे काम आरंभिणारा हा स्कॉटिश उपदेशक गोंडांच्या वस्त्यांत हिंडला. त्यांचे शब्द व चालीरीती त्याने टिपून घेतल्या, आणि लिंगोचे गीत एका परधानाकडून मिळवून उतरविले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी दौऱ्यावरून परतताना ओढ्याच्या पुरात त्याचा अंत झाला. त्याचे अपुरे कागद सर रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६ साली संपादून प्रसिद्ध केले. त्यांतही दोष असतील. तथापि तो माणूस तेथे गेला होता, त्याने कोणाच्या तरी तोंडून ते ऐकले होते. आज सौसर-पांढुर्ण्याविषयी जे यंत्र बोलते, त्याच्या पोटात कोठे तरी अशाच हिंडलेल्या माणसांचे कष्ट आहेत. मात्र त्यांची नावे उत्तरातून गळून गेलेली असतात.

७. आपले कर्तव्य

लूकाने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांपासून जे आले त्याचा मुळापासून शोध केल्याचे नमूद केले आहे. नियमशास्त्राने एका साक्षीवर कोणाला दोषी धरू नये असे ठरविले. बिरुयाच्या लोकांनी पौलाचा उपदेशही शास्त्र उघडून तपासला, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच झाली. तपासणे हा अविश्वास नव्हे, ही शिकवण आपणांस नवी नाही. ती आता नव्या ठिकाणी लावावयाची आहे.

खेड्यातील मंडळीत पाळकाचा किंवा शास्त्रशिक्षकाचा शब्द लोक पुस्तक न उघडता खरा मानतात. हा विश्वास पुष्कळ वर्षांच्या वागणुकीने मिळालेला असतो, आणि एका खोट्या संदर्भाने जाऊ शकतो. म्हणून यंत्राने दिलेले शास्त्रवचन, एखाद्या थोर पुरुषाचे म्हणून दिलेले वाक्य किंवा इतिहासातील सन व्यासपीठावर नेण्यापूर्वी मूळ पुस्तकात पाहावा. न सापडल्यास सोडून द्यावा. आजारपण, शेतीचे औषध, कोर्टाचे काम, सरकारी योजना ह्यांविषयी कोणी यंत्राचे उत्तर घेऊन आला, तर त्याची चेष्टा न करता त्यास डॉक्टर, कृषी अधिकारी किंवा तहसील कचेरी ह्यांच्याकडे पाठवावे. कोणी विश्वासाने सांगितलेले घरचे दुःख यंत्रात लिहू नये. ते कोठे साठते हे आपल्या हाती नाही. आणि एखाद्या तरुणाने रात्रीच्या वेळी यंत्राशीच मन मोकळे केले असे कळले, तर त्याला दोष देण्याआधी आपण त्या वेळी कोठे होतो, हे स्वतःस विचारावे.

आणखी एक काम आहे, आणि ते केवळ आपल्यालाच करता येण्यासारखे आहे. मंडळीच्या वर्धापनदिनी स्मरणिका काढण्याची आपल्याकडे रीत आहे. तिचा इतिहासविभाग यंत्राकडून लिहवून घेण्याचा मोह ह्यापुढे पुष्कळांस होईल. तसे झाल्यास अंदाज छापला जाईल, छापलेले प्रमाण ठरेल, आणि पुढचे यंत्र तेच शिकून आपल्या नातवंडांना सांगेल. ह्याऐवजी बाप्तिस्म्याची व विवाहाची जुनी नोंदवही उघडावी. कबरस्थानातील दगडांवरची नावे उतरवून घ्यावीत. मंडळीतील सर्वांत वयोवृद्ध बहिणीजवळ बसून तिची आठवण तिच्याच बोलीत लिहून घ्यावी, आणि खाली तिचे नाव, गाव व तारीख लिहावी. तिने स्वतः पाहिले असेल तर तसे नमूद करावे. आजीकडून ऐकले असेल तर तिने उच्चारलेले ‘म्हणे’ तसेच राहू द्यावे, शुद्धलेखनाच्या नादात ते गाळू नये.